भाऊरावांचे अडीच मण

दर सोमवारी सकाळी आमच्या कचेरीचे अव्वल कारकून भाऊराव जंगलनाक्यावर जाऊन स्वतःचं वजन करून घेत. जव्हार संस्थानात तेव्हा हिरडा मोजायला नाक्यावर सागाच्या तुळईला टांगलेला एक मोठा तराजू असे. त्याच्या एका पारड्यात भाऊराव मांडी घालून बसत. त्यांचा कोट आणि पगडी माझ्या हातात असत. दुसऱ्या पारड्यात नाकेदार एकेक वजन चढवीत जाई. पहिल्या सोमवारी ते पक्के अडीच मण भरले.

नाकेदाराचा जन्म हिरडा मोजण्यात गेलेला. ओल्या मालाच्या वजनातून घट धरायची, हा त्याचा शिरस्ता. भाऊराव आंघोळ करून आलेले दिसले की तो गंभीरपणे विचारी, "माल ओला हाय, रावसाहेब. दोन शेर घट धरू का?"

दुसरा कोणी असता तर त्याने नाकेदाराच्या कानाखाली वाजवली असती. भाऊराव विचार करीत आणि म्हणत, "नको. सुकल्यावर पुन्हा मोज." मग अर्धा तास ते नाक्याच्या ओट्यावर उन्हात बसून राहत. वाळत घातलेल्या हिरड्याशेजारी अव्वल कारकून वाळत बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि कचेरीत परत येऊन ते दृश्य सर्वांना दोनदोनदा करूनही दाखवलं आहे. त्या नकलेला चांगली दाद मिळे. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण ते पुढे येईल.

भाऊरावांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. त्या काळी आमच्याकडे पोट म्हणजे पदवी होती. शिपाई सपाट, कारकून गोलसर, मामलेदार गरगरीत, अशी चढती भाजणी. मी स्वतः सव्वादोन मणांचा होतो आणि बढतीची वाट पाहत होतो. अशा ठिकाणी धडधाकट माणसाने होळी झाल्यावर एके दिवशी उठावं आणि "मला दोन मणांवर यायचंय" असं जाहीर करावं, हा शुद्ध आचरटपणा होता.

"कशासाठी?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर फिरती सुरू होते ना, त्याच्या आत."

"अहो, कधीपर्यंत ते नाही विचारलं. कशासाठी?"

"ते दोन मणांवर आल्यावर सांगीन, केशवराव."

दुसऱ्या दिवसापासून ते धोतराचा काचा मारून राजवाड्यासमोरच्या माळावर धावू लागले. धावणं म्हणजे आधी पोट पुढे जाई, मग भाऊराव, आणि सर्वांच्या मागून त्यांचा श्वास येई. मोळी विकायला येणाऱ्या बायका वाट सोडून बाजूला उभ्या राहत. एकीने घाबरून विचारलं, "मागं वाघ हाय का, रावसाहेब?"

"मागे नाही, पुढे आहे," पोटावर थाप मारून भाऊराव म्हणाले आणि तसेच धावत राहिले.

धावणं झालं की बैठका. बैठका झाल्या की कोमट पाणी. भात बंद, तूप बंद, गूळ बंद. कारभाऱ्यांकडच्या मुंजीत पंगतीत ते माझ्या शेजारी बसले होते. वाढप्याने पानात जिलब्या टाकल्या. भाऊरावांनी एक उचलली, डोळे मिटून तिचा दीर्घ वास घेतला आणि ती माझ्या पानात ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. "माझं झालं," असं म्हणून ते ताक पिऊ लागले. वास घेतलेल्या त्या जिलब्या मी खाल्ल्या. तेवढ्यासाठी त्यांचं व्रत मला मान्य होतं.

सर्वांत असह्य होतं त्यांचं एक पालुपद. कोणी भलेपणाने म्हणावं, "भाऊराव, जरा उतरलात हो," तर हे लगेच डोळे बारीक करून म्हणत, "पुराव्यानिशी बोला!" मग पंचाचा तुकडा काढून पोटाभोवती गुंडाळत, गाठ कुठे येते ते दाखवत, आणि बिचाऱ्या बोलणाऱ्याला तिथे बोट लावून खात्री करून घ्यावी लागे. एकदा खुद्द मामलेदारांना त्यांनी बोट लावायला लावलं. मामलेदारांनी त्यानंतर आठवडाभर कोणाच्याच तब्येतीची चौकशी केली नाही.

आता माझं पाप सांगतो. भाऊरावांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अशा माणसाला एकाएकी कंबर कशाला हवी? एका दुपारी सुपारी कातरता कातरता मी म्हणालो, "बोहल्यावर चढायचं असेल. बोहलं काही अडीच मण सोसत नाही." सगळे हसले. संध्याकाळपर्यंत ती थट्टा बातमी होऊन बाजारात पोचली आणि महिन्याभरात मोखाड्याहून एक गृहस्थ भाचीची पत्रिका घेऊन भाऊरावांच्या दारात हजर झाले.

भाऊराव बैठका काढत होते. पाहुण्याला त्यांनी ताक दिलं, बसायला पाट दिला आणि "आलाच आहात तर जरा मोजा" म्हणून बैठका मोजायला लावलं. साठ मोजून झाल्यावर ते गृहस्थ तडक माझ्याकडे आले. "मुलगी देईन हो," ते म्हणाले, "पण मोजायला ती बसायची नाही."

हेही मी कचेरीत करून दाखवलं.

दोन दिवसांनी भाऊराव माझ्या बैठकीपाशी येऊन उभे राहिले. "केशवराव, हे लग्नाचं कोणी उठवलं असेल?"

"लोकांना काय हो," मी दौतीत बघत म्हणालो, "जिभेला हाड थोडंच असतं."

"खरं आहे," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी मला ओळखलं होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी झाली. फिरतीच्या आधीच्या सोमवारी भाऊराव पारड्यात बसले आणि दोन मणांना काटा सरळ उभा राहिला. नाकेदाराने वजनं दोनदा तपासली. "घट धरली नाय, रावसाहेब," तो हळूच म्हणाला. भाऊराव पारड्यातून उतरले, कोट अंगात घातला. त्या कोटात आता आणखी एक कारकून मावला असता. मला काही सांगतील म्हणून मी थांबलो, तर ते सरळ घरी गेले.

फिरतीला आम्ही डोलीतून जात असू. लांब दांडा, त्याला टांगलेली झोळी, आणि खाली उतारावर दरी. डोली उचलायला माणसं त्या त्या गावाने द्यायची, वेठीने. मला चार लागत, भाऊरावांना सहा. पाड्यापाड्यांवर त्यांना 'सहा खांद्यांचे रावसाहेब' म्हणत. त्या सकाळी सहाजण डोली घेऊन आले, तर भाऊराव म्हणाले, "मी चालणार."

सहाहीजण हादरले. साहेबांना डोलीतून आणायचं असा हुकूम होता, आणि साहेब डोलीत नसले तरी हुकूम होताच. शेवटी असं ठरलं की भाऊराव चालतील आणि रिकामी डोली त्यांच्या मागून येईल. तसा आमचा तांडा निघाला. पुढे घामाने निथळणारे भाऊराव, मागे सहाजणांच्या खांद्यावर हवा, त्यांच्या मागे डोलीत मी, आणि शेवटी शिपाई. वाटभर मी हसत होतो.

दाभोशाला पाटील सामोरा आला. भाऊरावांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. रिकाम्या डोलीत डोकावला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि माझ्या डोलीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "मोठे रावसाहेब कधी वारले?"

"ते काय पुढे उभे आहेत!"

"तो?" पाटील म्हणाला. "तो शिपाई ना?"

भाऊरावांना ते ऐकू गेलं. ते पहिल्यांदाच "पुराव्यानिशी बोला" म्हणाले नाहीत. "मुक्काम साखरशेतला करू," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

साखरशेतला ते चावडीवर गेले नाहीत. गावाबाहेरच्या एका कुडाच्या घरापुढे थांबले. अंगणात एक वारली उजवा पाय लांब करून बसला होता, बांबूच्या कामट्या सोलत. आम्हाला पाहताच त्याने मेढीच्या खांबाला धरून उठायची धडपड सुरू केली.

"साहेब चालत आला? पोरांनी डोली टाकली का? रागावू नका, साहेब. मी येतो खांद्याला. जरा दम धरा." आणि तो खरोखरच खांद्यावर घ्यायचं फडकं शोधू लागला.

तेव्हा मी त्याला ओळखलं. तो सोमा होता. मागच्या थंडीत दाभोशाच्या चढावर भाऊरावांच्या डोलीचा पुढचा खांदा त्याचा होता. दगड हलला आणि त्याचा पाय गुडघ्यात मुरगळून आत गेला. त्याने खांदा सोडला असता तर डोली दरीत गेली असती. तो दुसऱ्या गुडघ्यावर बसला आणि मागचे पुढे येईपर्यंत दांडा तसाच धरून राहिला. मी मागच्या डोलीत होतो. "खाली बघून चालता येत नाही का रे?" असं मी तेव्हा ओरडलो होतो. मग आम्ही पुढे गेलो. मी ते विसरूनही गेलो होतो.

भाऊराव अंगणात मातीतच बसले. "सोमा, बस. डोली नको मला. मी आता दोन मणांचा झालोय."

सोमाला काही कळलं नाही. "अन तवा किती व्हता?"

"अडीच."

सोमाने बोटांवर काहीतरी मोजलं. "वीस शेर कमी झाला," तो म्हणाला आणि साहेबाच्या समाधानासाठी थोडा हसला. मग भाऊरावांचं तोंड पाहून त्याचं हसू गेलं. पायावरून हात फिरवत तो म्हणाला, "तवा वीस शेर कमी असता, तरी ह्यो पाय गेलाच असता, साहेब. दगड हलला. तुमचा काय दोष नाय."

"हे मला बरं वाटावं म्हणून बोलतोस तू."

"मंग? बरा वाटला का?"

"नाही," भाऊराव म्हणाले.

सोमाने दाराकडे मान वळवून बायकोला हाक दिली. "मंग भाकर खा," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने आतून तव्यावरची भाकरी आणि चटणी आणली. संस्थानचे अव्वल कारकून, शिपायांच्या आणि माझ्या देखत, वारल्याच्या अंगणात बसून भाकरी मोडू लागले. एक संपवली आणि दुसरी मागून घेतली. खाता खाता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. सोमा शेजारी बसून त्यांना वाढत होता आणि आणखी घ्या म्हणत होता.

हे सगळं मी डोलीत बसून पाहिलं. डोली खाली टेकवलेली होती, तरी मी उतरलो नव्हतो.

"केशवराव, या," भाऊराव म्हणाले. "गरम आहे."

"मला भूक नाही," मी म्हणालो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

भाऊरावांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. उरलेल्या भाकरीचे चार तुकडे करून त्यांनी माझ्या चौघा डोलीवाल्यांना हाक मारली. ते अंगणात उकिडवे बसून सावकाश खात राहिले. मी वाट पाहत होतो. मला उचलायची कोणालाही घाई नव्हती.