बबनकाकांचं गेट

आमच्या मजल्यावरचे बबनकाका वेबसाइटची उभं राहून झडती घेतात. फोनवर एखादं पान उघडलं आणि मध्येच चौकोन टपकला की काका खुर्चीतून उठतात, फोन हातभर लांब धरतात आणि त्या चौकोनातलं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचतात. बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं असतं की आम्हाला तुमच्या खासगीपणाची फार काळजी आहे. त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर असतं, "मग दारात कशाला उभा ऱ्हायलास?" आणि ते नकाराचं बटण शोधायला लागतात.

हे बटण सहजासहजी सापडत नाही. "बघ पोरी," ते मला दाखवतात, "व्हयचं बटन कसं निळंशार केलंय. न्हाईचं कुठं हाय? ह्ये बघ, फिक्कं करून कोपऱ्यात दडवलंय. ज्याच्या डब्यात काय असतं ना, तो असाच डबा मागं धरतो."

डब्यांचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. भोसरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. ट्रकमधला माल, कामगाराचा जेवणाचा डबा, पाहुण्याची पिशवी, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. एकदा त्यांनी मोठ्या साहेबालाच पास नाही म्हणून उन्हात उभं केलं होतं. पुढे काय झालं ते काका सांगत नाहीत, पण उन्हाचं वर्णन फार रंगवून करतात. ते मूळचे दिघीचेच. आमची बिल्डिंग त्यांच्या घराण्याच्या जमिनीवर उभी आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येकाच्या फोनवर आपला थोडाफार हक्क आहे असं ते धरून चालतात. लिफ्टमध्ये कुणी फोन काढला की हात पुढे येतो, "दाखव."

त्यांची एक लांब वही आहे. कोण आलं, काय मागितलं, काय उत्तर दिलं, असे तीन रकाने. मी एकदा चाळली. 'टॉर्चचं ॲप. मागणी : फोनमधले सगळे नंबर. उत्तर : हाकलला.' 'पंचांगाचं पान. मागणी : तुम्ही आत्ता कुठे आहात. उत्तर : तुला काय करायचंय.' त्याखाली माझंही नाव होतं. मी वाकडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. माझ्या फोनवर अठ्ठावीस वेबसाइट्सना वेळीअवेळी सूचना पाठवायची परवानगी होती, हे काकांनी शोधून काढलं. एकेक बंद करत त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "कंपनीत बी तू ह्येच काम करतीस न्हवं?"

हे सगळं ते सांगायचे ते मात्र सौम्यपणे नाही. काकांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत जायचा. ते दूधवाल्याशी ओरडायचे, पोस्टमनशी ओरडायचे, फोनवर मुलाशीही ओरडायचे. आणि त्यांच्या शेजारी शांताकाकू हसतमुख बसलेल्या असायच्या. काकूंना दोनेक वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. आपण ते छान लपवलंय असं फक्त काकूंना वाटायचं. "पाणी आलं का?" विचारलं तर "व्हय, आताच जेवले," म्हणायच्या, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून चुकलं असं वाटलं की पदर सावरत आत जायच्या. बाई मोठी मानी. कुणी कानाचं नाव काढलं तर त्यांना ते सहन होणार नाही, एवढं आम्हा सगळ्यांना कळत होतं.

काकांचं हे ऑनलाइन गेट सुरू झालं तेच काकूंच्या कानावरून.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी काका माझ्या दारात आले. कधी नव्हे ते हळू आवाजात बोलत होते, म्हणून मला धास्ती वाटली. आत येऊन बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं लई वाईट झालं."

झालं होतं ते असं. काकूंना न दुखवता काही करता येईल का, म्हणून काकांनी गुपचूप फोनवर कानाच्या मशीनची माहिती शोधली होती. दुसऱ्या दिवशी काकू टॅबवर लोणच्याचा व्हिडिओ बघत बसल्या होत्या. मोहरी फेसायच्या ऐन वेळी पडद्यावर एक बाई कानाला हात लावून उभी राहिली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कमी ऐकू येतंय का?' काकूंनी टॅब पालथा घातला. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

"तिला वाटलं, त्या टॅबला बी कळलं," काका म्हणाले. "मला इचारलं, ह्यो आपलं बोलनं ऐकतो का वो? मी काय सांगनार? मीच त्या बाईला घरात घेतलीय." मग म्हणाले, "तिला कमी ऐकू येतं ते मला म्हाईत हाय, ह्ये तिला म्हाईत न्हाई. म्हनून तर मी सगळ्यांशीच वरडतो. एकट्या तिच्याशी वरडलो तर तिला लागंल."

इतके दिवस मी त्या आवाजावर मनातल्या मनात चिडत आले होते. माझी मलाच लाज वाटली.

मी काकांचा फोन आणि काकूंचा टॅब मागून घेतला आणि घोटाळा लगेच सापडला. दोन्ही एकाच खात्यावर चालत होते, त्यामुळे इकडे शोधलेलं तिकडे उगवत होतं. मुलगा गुजरातच्या प्लांटला बदलून जाताना दोघांची वेगळी खाती काढून देत होता, पण काकांनीच त्याला अडवलं होतं. "चूल एक तर खातं बी एक. आमच्यात अजून वाटन्या झाल्या न्हाईत." भावाभावांत जमिनीची मोजणी होताना त्यांनी काय काय पाहिलं असेल कोण जाणे. आता काकूंचं खातं वेगळं काढावं लागेल म्हटल्यावर काकांनी टॅब हातात घेऊन उगाच पुसला. शेवटी म्हणाले, "कर. पर तिला वाटनी म्हनून सांगू नगंस."

खातं वेगळं झालं. आगाऊ चौकोन बंद केले, सूचना बंद केल्या, आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवण्याची सोय बंद केली, जाहिराती रोखणारा ब्राउझर घातला. काका शेजारी बसून प्रत्येक पायरी लिहून घेत होते. मग त्यांना त्याची गोडीच लागली आणि अख्खी बिल्डिंग त्यांनी साफ केली. ती बाई पुन्हा काकूंच्या टॅबवर आली नाही. काकू परत लोणच्याकडे वळल्या, आणि काका खुशीत आले. मीही खुशीत होते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी काका झोपलेले असताना काकू माझ्याकडे आल्या. पदराखाली टॅब होता.

"ती बाई येईना झालीय गं," त्या म्हणाल्या.

"कोण बाई?" मी मोठ्याने विचारलं.

"कानाला हात लावती ती. खाली नंबर हुता तिचा. तवा रागानं पालथा घातला मी. आता रोज बघती, तर येतच न्हाई."

काकूंनी दाराकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"ह्यांचा घसा पार बसलाय. रोज सकाळी हळदीच्या गुळन्या करत्यात. मला वाटू नये म्हनून साऱ्या गावाशी वरडत्यात. मला काय कळत न्हाई व्हय? इतकी वर्सं संसार केलाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण ते भरले होते. "ती मशीन बघून दे मला. आन् ह्यान्ला काय बोलू नगंस. मला कळत न्हाई असं त्यान्ला वाटतंय, ते ऱ्हाऊ दे तसंच."

ज्या बाईला मी एक अख्खा रविवार खर्चून हाकललं होतं, तिच्याच शोधाला मी स्वतः बसले. भोसरीत एक चांगलं दुकान निघालं. पुढच्या शनिवारी काकूंना घेऊन गेले. तपासणी झाली, मशीन बसली. काकूंनी पदर डोक्यावरून घेऊन कानावर नीट ओढला. रिक्षात बसल्यावर त्या दचकल्या आणि म्हणाल्या, "केवढा कालवा हाय गं ह्यो." पण सारा रस्ता कान देऊन ऐकत होत्या.

आम्ही लिफ्टमधून बाहेर आलो तेव्हा काका दारात खुर्ची टाकून बसले होते. "कुठं गेलती?" त्यांनी नेहमीच्या पट्टीत विचारलं.

काकूंनी कपाळाला आठी घातली. "हळू बोला की. शेजारी ऐकत्यात."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग नजर पदराकडे गेली, कानावरून फिरली आणि खाली वळली. त्यांनी उठून आपली खुर्ची काकूंसाठी पुढे केली, आणि त्यांच्या बाजूला वाकून काहीतरी बोलले. काकू हसल्या, लाजल्यासारख्या.

मी चार पावलांवर कुलूप उघडत होते. काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.