इलारियेच्या नावाचा रोबो

ओतिलियाने माळ्यावरची निळी बॅग खाली काढून भर बोळात आणून ठेवली. घरातल्या सगळ्यांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी तिला वळसा घालून जायची सवय लावून घेतली. नवऱ्याने लावली, पोरांनी लावली. सबिनाने मात्र लावली नाही. ती सरळ चालत आली आणि बॅगेला ठेचकाळून तिथेच उभी राहिली. ही सबिना म्हणजे ओतिलियाची सासू आणि बुझऊ शहरातल्या जुन्या कोव्रीगच्या भट्टीची मालकीण. कोव्रीग म्हणजे मीठ लावलेली पावाची कडी, आणि बुझऊत ती सबिनाच्या भट्टीची नसेल तर लोक कुत्र्याला घालतात. सगळी गल्ली तिला तांती म्हणते. तांती म्हणजे मावशीच, फक्त हिच्या बाबतीत तोंड जरा सांभाळून म्हणायचं.

"कुणाची ही बॅग?"

"माझी," ओतिलिया म्हणाली. "अकरा वर्षं झाली, आई. भट्टीतून माल निघाला की शंभर दुकानांची शंभर बिलं. एकदा आपल्या संगणकात टाका, मग तेच पुन्हा सरकारच्या यंत्रणेत चढवा. आणखी एक उन्हाळा नाही काढायचा मी त्या खुर्चीत. बहिणीकडे इटलीत, तोरिनोला जाते. तिथे म्हातारीची सेवा केली तर पगार मिळतो, वर ती ग्रात्सिये म्हणते, आभार मानते."

"इथे नाही का करत म्हातारीची सेवा?"

"करते की. ग्रात्सिये कुठे ऐकू येतं?"

हे सबिनाच्या वर्मी लागलं. इटलीला 'थोड्या दिवसांसाठी' गेलेल्या सुना या गल्लीत तीन झाल्या. तिघींची पोरं आता इटालियनमध्ये रुसतात. सून गेली की नातवंडं जाणार, नातवंडांमागे मुलगा जाणार, आणि भट्टीला कुलूप लावायला तेवढी सबिना उरणार. हे तिला कळत होतं. पण सुनेला "राहा गं" म्हणायचं, तर जीभ टाळ्याला चिकटत होती. तिने मुलाला फर्मावलं, "सिल्व्यू, बघ काहीतरी!"

सिल्व्यूने बघितलं. बुखारेस्टहून तो होरिया नावाच्या एका तरुणाला घेऊन आला. बारीक पँट, गळ्यात ओळखपत्र. हा रोबो विकायचा.

"कुठंय रोबो?" सबिनाने त्याच्या पाठीमागे दाराबाहेर पाहिलं. "गाडीत ठेवलास का?"

"दिसत नाही तो, तांती. लॅपटॉपच्या आत असतो. माणूस जशी बिलं भरतो तशीच तो भरतो, स्वतः बटणं दाबून."

"म्हणजे न दिसणाऱ्या मालाचे पैसे. बरं, बस. कोव्रीग खा. सांग भाव."

होरियाने घास गिळला. "दोन प्रकार आहेत. एक माणसाच्या सोबतीने चालतो. दुसरा एकटा चालतो, त्याची किंमत तिप्पट. शिवाय एकट्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं, त्याचे वेगळे."

"एकटा काम करतो म्हणतोस, मग वर लक्ष कशाला?"

"तशी पद्धत आहे."

"जुन्या राजवटीत सामुदायिक शेतावर हीच पद्धत होती. नांगर एक आणि मुकादम तीन. नांगर निदान दिसायचा तरी! आणि हे पैसे एकदाच ना?"

"दर वर्षी. युरोत. कर वेगळा."

"म्हणजे पैसे मोजूनही माझा होत नाही?"

"वापरायचा हक्क तुमचा होतो, तांती."

"असा हक्क मला नवऱ्यावर होता. त्याचे दर वर्षी पैसे पडत नव्हते."

सबिना आठवडी बाजारात मिरच्यांचं पोतं घेते तशी अडून बसली. एकदा उठून जायचं नाटक केलं, दोनदा छातीवर हात ठेवला. शेवटी होरियाने सोबतीवाल्या रोबोवर दहा टक्के सोडले, आणि ती अजून बघतच राहिली म्हणून परवान्यावरचं नाव वर्षातून एकदा फुकट बदलून द्यायचंही कबूल केलं.

"नाव कसलं?"

"हा परवाना एका माणसाच्या नावावर असतो. त्याच्याच नावाने उघडायचा, एका वेळी एकाच ठिकाणी. कुणाचं घालू?"

सिल्व्यूने हात वर केला. "खाली घे," सबिना म्हणाली. "तुझ्या नावावर व्हॅन केली तर दोनदा विकायला काढलीस." मग तिची नजर बोळातल्या निळ्या बॅगेवर गेली. तेही नाव नको. नाव असं हवं, जे कुठे निघून जाणार नाही. "घाल, इलारिये. माझे मालक."

इलारियेला जाऊन त्या उन्हाळ्यात सात वर्षं होत होती. पण त्या घरात विजेचा मीटर इलारियेच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, पाणी त्याच्याच नावावर. आमच्याकडे माणूस गेला म्हणून मीटरवरचं नाव कुणी बदलत नाही. त्या कचेरीच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहिलं तर जिवंत माणूसच जायचा! सिल्व्यू खोकला. सबिनाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"साहेब भेटतील का?" होरियाने विचारलं.

"ते हल्ली बाहेर पडत नाहीत."

रोबो मात्र कामाचा निघाला, खोटं कशाला बोला. ओतिलिया सकाळी इलारियेच्या नावाने लॅपटॉप उघडायची आणि बिलं सटासट चढायला लागायची. पहिल्या दिवशी सगळे मागे उभे राहून बघत होते. सबिनाने तर पडद्याला एक कोव्रीग दाखवली. दुसऱ्या दिवशी ओतिलिया कॉफी ठेवायला उठली. परत येते तर पडदा झोपलेला, आणि रोबोही त्याच्यासोबत झोपलेला. तिसऱ्या दिवशी तिने मध्येच माउसला हात लावला, तर शाळेच्या कँटीनची बिलं तुरुंगाच्या कँटीनला गेली. होरियाला फोन केला. तो म्हणाला, "सोबतीवाला आहे ना, ताई. तुम्ही समोर बसून राहायचं. फक्त हात लावायचा नाही."

ओतिलिया स्वयंपाकघरात आली. "आई, आधी मी बसून काम करत होते. आता हाताची घडी घालून दुसऱ्याचं काम बघत बसते. यात माझी सुटका कुठे झाली?"

"बोटांना आराम मिळाला की!"

"मी बोटांनी बसते का?" असं म्हणून तिने बॅगेत दोन स्वेटर टाकले. मग नवऱ्याला बजावलं, "सकाळी मी बसेन. दुपारी तू. तुझ्या लॅपटॉपवर उघड, पण बस."

सिल्व्यू आठवडाभर बसला. पुढच्या शुक्रवारी त्याला पिठाच्या सौद्यासाठी ब्राइलाला जायचं होतं. "बिलं तिथूनच बघतो," असं सांगून तो सकाळीच निघाला. ओतिलियाची सकाळची बिलं अजून चालूच होती, तेवढ्यात तिच्या पडद्यावर पत्र आलं. तिने ते मोठ्याने वाचलं. "इलारिये साहेब, तुमचं खातं या क्षणी ममायाहूनही उघडलं गेलं आहे. ते तुम्हीच आहात ना?"

ममायाला पिठाची गिरणी नाही. ममायाला समुद्र आहे, वाळू आहे आणि सिल्व्यूचे शाळेतले दोस्त आहेत. पण सबिनाचा राग आधी भलत्याच माणसावर निघाला. ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली. "चाळीस वर्षं मी म्हणत होते, एकदा समुद्र दाखवा. तर म्हणे, मीठच बघायचंय ना, कोव्रीगवर बघ. आणि आता एकटे गेलात होय?"

सोमवारी होरियाचा फोन आला. आवाज पडलेला होता. "तांती, एकाच नावावर एकाच वेळी दोन ठिकाणी काम झालंय. कंपनी म्हणते, तिप्पट किमतीचा घ्या, नाहीतर खातं बंद. मला साहेबांना समक्ष भेटून खात्री करून यायचं आहे. नाहीतर माझंच कमिशन कापतील."

"शनिवारी ये. त्यांच्यासाठीच जेवण ठेवलंय."

यात एक शब्द खोटा नव्हता. शनिवारी होरिया फुलं घेऊन आला. अंगणात लांब टेबल मांडलेलं, भोवती सगळी गल्ली, शेजारी पाद्री विसारियोन. मध्ये कोलिवा, म्हणजे मेलेल्याच्या नावाने करतात तो गोड गव्हाचा ढीग. त्यामागे मेणबत्ती आणि इलारियेचा फोटो. होरियाला अजून उमगलं नव्हतं. सबिनाने त्याच्या हातातली फुलं घेतली. पाच होती. तिने एक काढून ओतिलियाच्या हातात दिलं आणि उरलेली चार फोटोसमोर ठेवली. जिवंत माणसाला विषम फुलं देतात आणि मेलेल्याला सम, हे बुखारेस्टच्या पोरालाही ठाऊक असतं. होरियाच्या तोंडचं पाणी पळालं.

"तांती, मेलेल्या माणसाच्या नावावर परवाना?"

"वीज कंपनी सात वर्षं त्यांच्या नावाने पैसे घेतेय. तिने नाही कुणाला तोंड बघायला पाठवलं. तुझ्या आजीचा मीटर कुणाच्या नावावर आहे रे?"

होरियाने बुटांकडे पाहिलं. "आजोबांच्या."

"आणि आजोबा?"

"मी बालवाडीत होतो तेव्हा."

"मग खा कोलिवा."

त्याने खाल्ला. पण पोरगा नोकरीला घाबरलेला होता. "आज संध्याकाळपर्यंत जिवंत माणसाचं नाव द्या, तांती. ते फुकट बदलून देतो आणि कंपनीला सांगतो, आता एकच माणूस बसेल. नाहीतर खातं बंद होणार, सोमवारपासून बिलं पुन्हा हाताने."

ओतिलिया सगळं ऐकत होती. हातातलं फूल तिने टेबलावर ठेवलं आणि आत गेली. सबिनाला वाटलं, बॅग घेऊन येते. चेहरा मात्र तिने भट्टीच्या दारासारखा बंद ठेवला.

सातव्या वर्षाला आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने वस्तू दान देतात. घोंगडी, ताटं, टेबल, खुर्ची. इथे जिवंत माणसाच्या हातात द्यायची, तिकडे ती त्याला पोचते. घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्याचं भलं करो. आणि असं दान कुणी नाकारत नाही. नाकारलं तर मेलेला तिकडे उभाच राहतो.

ओतिलिया बाहेर आली ती ऑफिसातली खुर्ची ढकलत. चाकांची, काळी, मधोमध खड्डा पडलेली. खुर्चीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर टॉवेल, टॉवेलवर कोव्रीग आणि त्यात पेटवलेली मेणबत्ती. ती सबिनासमोर येऊन थांबली.

"घ्या आई. मामंजींच्या आत्म्यासाठी."

अंगणातले चमचे थांबले. सबिना पाद्र्याकडे वळली. "घरातल्या घरात दान चालतं का हो, फादर?"

पाद्री विसारियोन तोंडातलं संपवून म्हणाला, "देणारा हात जिवंत हवा, घेणारा हात जिवंत हवा. दोन्ही दिसतायत मला."

"आणि सबिना," शेजारची फ्लोआरिया मध्येच बोलली, "बिचारा सात वर्षं उभाय. घे की."

सबिनाने खुर्चीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. सून नजर खाली घालायला तयार नव्हती. अशी सून आपणच निवडली होती हे सबिनाला आठवलं, आणि राग आला त्याहून थोडा जास्त अभिमान वाटला.

"बोगदाप्रोस्ते," ती दातांतून म्हणाली. होरियाने तिथल्या तिथे परवान्यावर तिचं नाव चढवलं.

सोमवारी सबिना खुर्चीत बसली. रोबोला शिकवायला लागली. "अरे हळू! आधी शाळेचं घे. ऐकू येत नाही का?" रोबोला येत नव्हतं. मंगळवारी भिंतीपलीकडून कणीक थापल्याचे आवाज आले, चुकीचे. भट्टीवाला मीठ कमी टाकतोय हे तिला वासावरून कळत होतं, पण उठावं तर पडदा झोपणार. ती तिथूनच ओरडली. भट्टीच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. ओतिलिया मात्र भट्टीपुढे उभी राहून गाणं म्हणत होती. बुधवारी दुपारी सबिनाची कंबर धरली. तिने फोन उचलला.

"होरिया, तो एकटा चालणारा. पाठव."

"तांती, तो तिप्पट आहे. शिवाय लक्ष ठेवणारं—"

"तेही पाठव."

"पण तेव्हा तर तुम्ही नांगर एक आणि मुकादम तीन म्हणालात."

"तेव्हा खुर्चीत सून बसत होती."

पलीकडे होरिया हसला असावा, पण त्याने तो आवाज नीट आवरला. "याला कुणाचं नाव लागत नाही, तांती. यंत्राला ओळखायला म्हणून एखादा शब्द टाकू. काय टाकू?"

दारात सिल्व्यू उभा होता, नाकावरची ममायाच्या उन्हाची सालं अजून निघत होती. सबिनाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"इलारिये टाक," ती म्हणाली. "घरातला एक पुरुष तरी सांगितल्या वेळेला कामावर दिसू दे."

शुक्रवारी बिलं आपोआप चढत होती आणि खुर्ची रिकामी होती. ओतिलिया बोळात आली तर तिची निळी बॅग उघडी होती. तिचे दोन स्वेटर बाहेर काढलेले, आणि अर्ध्या बॅगेत सासूचा फुलाफुलांचा झगा, एक गवती टोपी आणि कोव्रीगची पिशवी.

"हे काय, आई?"

"तोरिनो लांब पडतं," सबिना म्हणाली. "ममाया तीन तासांवर आहे. सिल्व्यू भट्टी बघेल. स्वेटर ठेव घरी, उन्हाळ्यात कुणी घालतं का ते?"

ओतिलियाने स्वेटर उचलले, घडी घातली आणि पोटाशी धरून उभी राहिली. "ग्रात्सिये, आई."

"ते मी म्हणायचं होतं," सबिना म्हणाली, आणि बॅग मिटायला तिच्यावर बसली.