गॅसचा वास आल्यास

"दोन इंधनं आहेत नाना, दोन! गॅस संपला तर पेट्रोल, पेट्रोल संपलं तर गॅस. ही गाडी बंद पडणं अशक्य!" जावईबापूंनी स्टिअरिंगवर थाप मारली. मागच्या सीटवरून नाना नुसतं 'हं' म्हणाले. माणूस इतक्या छातीठोकपणे बोलायला लागला की समजावं, आता काहीतरी होणार!

गाडी मूळची नानांची. पंचवीस वर्षांची, चारही चाकांना जोर असलेली, चिखलाला न जुमानणारी. डोळे अधू झाले तेव्हा लेकीनं शपथ घातली, "नाना, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही!" नानांनी किल्ली मुकाट्यानं जावयाच्या हाती दिली, आणि जावयानं पहिलं काम काय केलं, तर गाडीला गॅसकिट बसवलं! नानांच्या मते हे बॉम्ब घेऊन फिरणं होतं.

आज लेकीची मुलाखत होती. रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची जागा. ओट्याला पुस्तक टेकवून तिनं तीन वर्षं अभ्यास केला होता. अकराला फाटक बंद होणार, आणि वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला अर्जही करता येणार नव्हता. उशीर नको म्हणून जावईबापूंनी टेकडीमागचा कच्चा रस्ता धरला. तिथे ना दुसरं वाहन, ना मोबाइलला रेंज.

ओढ्यापाशी चारही चाकांना जोर मिळावा म्हणून जावईबापू पुढच्या चाकांची लॉक फिरवायला उतरले. लेक पुढच्या सीटवर डोळे मिटून उत्तरं पुटपुटत होती. आणि नानांना वास आला. गॅसचा! पण सकाळपासून त्यांनी दोनदा बोंब मारली होती, आणि दोन्ही वेळा गाडी थांबवून तपासल्यावर काही सापडलं नव्हतं. "आता वासाचं नाव काढलंत तर इथेच उतरवीन," असा लेकीचा दम होता. नानांनी गुपचूप मागे हात घातला आणि सिलिंडरचा कॉक बंद केला. पाइपातला गॅस संपला की जावईबापू पेट्रोलवर घेतील, मिटला विषय!

दोन किलोमीटरवर गाडीनं आचका दिला.

"गॅस संपला? अहो, कालच तर भरलाय!" जावईबापूंनी बटण पेट्रोलवर टाकलं. गाडी खोकली, थरथरली आणि चढावर गप्प झाली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

नानांना एकदम आठवलं. पेट्रोल! रोज दुपारी घर रिकामं झालं की नाना खिशातून दुसरी किल्ली काढायचे आणि गाडी पेट्रोलवर टाकून फेरी मारून यायचे. काटा तर दोन वर्षांपासून अर्ध्यावरच अडकलेला. टाकी कोरडी ठणठणीत झाली असणार!

"कळलं!" जावईबापू ओरडले. "कार्ब्युरेटर! मेकॅनिक बजावत होता, आठवड्यातून एकदा तरी पेट्रोलवर चालवा, नाहीतर सुकून चिकटेल. मी वर्षभरात एकदाही चालवली नाही. माझीच चूक!"

नानांनी हळूच कॉक पुन्हा उघडला. "जावईबापू, एकदा गॅसवर टाकून बघा ना."

"नाना, गॅस संपलाय! तुम्ही शांत बसा हो!"

बॉनेट वर गेलं. कार्ब्युरेटरवर बसवलेला गॅसचा मिक्सर निघाला, म्हणजे गाडी गॅसवर चालायचीही सोय गेली. मग कार्ब्युरेटर निघाला. नाना खाली उतरले, तोवर वर्तमानपत्रावर त्याचे चौदा तुकडे मांडलेले होते. दहा वाजून वीस मिनिटं!

"मी चालत जाते," लेक म्हणाली. नऊ किलोमीटर! फाइल छातीशी धरून ती चिखलातून निघालीसुद्धा. वळणापाशी तिनं ओढणीनं डोळे पुसले. ते मात्र नानांच्या अधू डोळ्यांना स्वच्छ दिसलं.

"थांब! कार्ब्युरेटरला काही झालेलं नाही!" नाना ओरडले.

"तुम्हाला काय माहीत?" जावईबापू वैतागले.

"रोज मीच चालवतो ना पेट्रोलवर! टाकी मीच संपवली. आणि मघाशी गॅसचा कॉकही मीच बंद केला!"

लेक वळून धावत परत आली. जावईबापूंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "तरीच म्हटलं, हा इतका स्वच्छ कसा!"

"ओरडा नंतर. सरका!" नाना खाली बसले. हाच कार्ब्युरेटर त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः खोललेला. त्यांना दिसत नव्हतं धड, पण बोटं विसरली नव्हती. "स्प्रिंग द्या. ही नव्हे, बारकी! स्क्रू! अहो, लवकर!" जावईबापू धावत होते, लेक घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत होती. नानांच्या कपाळावरून घाम टपटपत होता आणि मनात एकच धावा, माझ्यामुळे पोरीचं नुकसान नको रे देवा! दहा अडतीसला त्यांनी मिक्सर घट्ट बसवला. जावईबापूंनी किल्ली फिरवली, आणि गाडी गॅसवर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

फाटकाचा एक दरवाजा लागला होता. दुसऱ्यातून लेक आत घुसली तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं.

बाहेर सासरे-जावई तासभर फाटकाकडे बघत बसले.

"दुपारी जायचात कुठे?" शेवटी जावईबापूंनी विचारलं.

"कुठे नाही. तळ्यापर्यंत, नि परत."

लेक बाहेर आली ती हसतच. "निवड झाली! पहिलाच प्रश्न, गॅसचा वास आल्यास काय कराल? मी म्हटलं, कॉक बंद करीन."

नानांची मान ताठ झाली. "बघा! मी वेगळं काय केलं?"

"पुढचं ऐका. कॉक बंद केलाय हे सगळ्यांना ओरडून सांगीन, आणि वास नेमका कुठून येतोय ते शोधीन." तिनं हात पुढे केला. "किल्ली, नाना."

नानांनी दुसरी किल्ली काढून दिली. गाडी निघाली. ओढ्यापाशी थांबली, आणि नानांना पुन्हा तोच वास आला! ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, आधी खाली वाकून त्यांनी सकाळी मलम चोपडलेला आपला गुडघा हुंगला, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.