कारणाचा रकाना

सुसंस्कृत समाजात कुत्र्याने केव्हा भुंकावं हे कुत्र्यावर सोडून चालत नाही. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या वाईकौरी नगर परिषदेला हे सत्य फार लवकर उमगलं. गावात माणसं दोन हजार, कुत्री सहाशे आणि श्वान नियंत्रण धोरणाची पानं शेहेचाळीस. त्यात 'कुत्रा' या शब्दाची व्याख्या एका ओळीत उरकली आहे ('कुत्रा म्हणजे कुत्रा, यात कुत्री आली'). 'जबाबदार मालक' कोण, हे सांगायला मात्र साडेतीन पानं लागली, आणि तरी तळटीप उरलीच.

या धोरणाची परीक्षा मॅकने घेतली. मॅक हंटअवे जातीचा. इतर जातींचे कुत्रे मेंढ्यांना डोळे वटारून हाकतात. हंटअवे बेंबीच्या देठापासून भुंकून हाकतो, आणि त्याला ठेवतात ते त्यासाठीच. नऊ वर्षं त्याने डोंगरावर ही चाकरी चोख केली. मग धनी वारला, मेंढ्या गेल्या, जमीन विकली, आणि धन्याची बायको मर्लबाई त्याला घेऊन गावात राहायला आल्या. गावाच्या पाटीपलीकडे ज्याला काम म्हणत, त्यालाच अलीकडे उपद्रव म्हणू लागले. (मॅकला तसं लेखी कळवण्यात आलं नव्हतं.)

शेजारी राहायचे नेविल प्रॅट. मटणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी कामगारांची हजेरी मांडली होती. एकतीस वर्षांत एक खोटी खूण नाही. सख्खा मेव्हणा चार मिनिटं उशिरा आला तेव्हा त्यालाही गैरहजर लावला. मेव्हणा अजून बोलत नाही. निवृत्तीनंतर नेविलना शांतता हवी होती. ती मिळाली, आणि तिचं करायचं काय हे कळेना, इतक्यात मॅक आला. नेविलनी तक्रार ठोकली.

परिषदेचा श्वान अधिकारी रावीरी नोंदवही घेऊन हजर झाला.

"काका, चौदा दिवस लिहायचं. वेळ, प्रकार, आणि हे शेवटचं, कारण. कारण स्वतः डोळ्यांनी बघायचं हं. ऐकीव चालत नाही."

"किती झाल्यावर घेऊन जाता?"

"शंभराच्या वर गेलं की मॅकची रवानगी गावाबाहेर. पण कारण दूर करता येण्यासारखं निघालं, तर आधी कारण दूर करायचं. कलम एकोणतीस."

मर्लबाई कुंपणाला टेकून ऐकत होत्या. "अहो प्रॅट, तो गेला तर मी दिवसभर बोलायचं कुणाशी? फ्रीजशी?"

"नियम आहे," नेविल म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढायला आत गेले.

त्या वहीइतकी सुंदर वही परिषदेच्या इतिहासात झाली नसेल. एक भुंक म्हणजे तोंड एकदा उघडून मिटणे, असं नेविलनी आधी ठरवून घेतलं. मग प्रकार पाडले: सूचक, आग्रही, निषेधाची, आणि अर्ध्यात गिळलेली (ही अर्धी धरावी की पूर्ण, यावर परिषदेला स्वतंत्र पत्र गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून पूर्ण धरली). भुंक ऐकू आली की नेविल उठत, पडदा सारत, खिडकी उघडत, दुर्बीण लावत आणि कारण शोधत.

घोळ झाला तो कारणात. पहिल्या दिवशी पोस्टमन. दुसऱ्या दिवशी मांजर. तिसऱ्या दिवशी एक भुंक झाली, नेविलनी खिडकी उघडली, तर आणखी सोळा झाल्या. पाचव्या दिवशी ते पडद्याआड उभे राहिले. मॅक पडद्यावर भुंकला. सहाव्या दिवशी स्टूल घेऊन झुडपात बसले. मॅक कुंपणापाशी आला, शेपटी हलवली आणि सलग पाच मिनिटं भुंकला. नेविलनी प्रत्येक मोजली.

"तुमच्यावर राग नाही हो त्याचा," मर्लबाई कुंपणावरून ओरडल्या. "कळपातून सुटलेलं मेंढरू दिसलं की तो असाच भुंकतो. एकटं कुणी उभं दिसलं की त्याला राहवत नाही. आणि त्या झुडपात काटे आहेत, उठा आता!"

त्या दुपारी नेविल कारणाच्या रकान्यापुढे बराच वेळ बसून राहिले. 'अज्ञात' एवढं लिहिलं की मॅक गेलाच. कोण बघायला येणार होतं? पण समोर वही होती, आणि वहीपुढे मेव्हणासुद्धा टिकला नव्हता. त्यांनी लिहिलं: 'मी.' खाली तेच, तेच, तेच. मनातून फार वाईट वाटलं त्यांना, पण अक्षर बिघडलं नाही.

सुनावणीत रावीरीने आकडे वाचले. एकूण भुंका चारशे अडतीस. पोस्टमन अकरा, मांजर पाच, वाऱ्याने उडालेली बादली दोन, नेविल प्रॅट चारशे वीस.

"म्हणजे उपद्रवाचं कारण सापडलं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "दूर करता येईल?"

"घर त्यांचं स्वतःचं आहे, बाई," रावीरी म्हणाला. "हलवता येत नाहीत. पण आवरता येतील."

कलम एकोणतीस लागू झालं. ठराव असा: सदर कारणाची रीतसर नोंदणी करावी. कारणाने गळ्यात पिवळा बिल्ला घालावा. कारण सार्वजनिक जागी एकटं सोडू नये. सोबत परिषदेने मान्य केलेली जबाबदार व्यक्ती असावी. त्या गल्लीत अशी व्यक्ती एकच निघाली.

"मर्लमावशी, सांभाळाल ना?" रावीरीने विचारलं.

"चावतात का?" मर्लबाई म्हणाल्या.

"आजवर नोंद नाही."

तेव्हापासून रोज सकाळी तिघं नदीकाठी फिरायला जातात. मॅकच्या गळ्यात पिवळा बिल्ला, नेविलच्या गळ्यात पिवळा बिल्ला, मर्लबाईंच्या पिशवीत गरम चीज रोल. मॅक मागून चालतो, दोघं नीट पुढे चाललेत ना बघतो, आणि गप्प असतो. नेविल अजून वही लिहितात. भुंका: शून्य. कारण: नाही. हे लिहिताना त्यांना इतका आनंद होतो की परिषद ही वही परत मागेल या भीतीने ते ती उशीखाली ठेवतात.

रावीरीकडे कोऱ्या वह्या अजून बऱ्याच आहेत, आणि मागणीही मोठी आहे. तुम्हालाही एखादी लागेल. मघापासून तुमच्या गल्लीत एक कुत्रं भुंकतंय, आणि तुम्ही दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलात. कारणाचा रकाना शेवटचा आहे. अक्षर नीट काढा.