तिसाव्या सेकंदाचा विराम

"झोपवायचं काम माझ्याकडे द्या साहेब! बॅटरी बारा तास चालली नाही तर नाव बदलीन!"

असं ती म्हणाली खरी, पण नाव तिचं कधीच बदललेलं होतं. ऑफिसात सगळे तिला 'अंगाई' म्हणत.

त्यांचं यंत्र पुस्तक वाचून दाखवायचं. पान कॅमेऱ्याखाली ठेवलं, बटण दाबलं की सुरू! फक्त तीन तासांत बॅटरी मान टाकायची. अंगाईचं काम कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रातल्या सगळ्या भागांना वीज वाटून देणाऱ्या आतल्या कारभाऱ्यात. कोण रिकामं बसलंय ते ओळखायचं आणि त्याचे व्होल्ट उतरवायचे. तेही हळूहळू, मांडीवरचं बाळ अंथरुणावर ठेवताना आपण हात काढून घेतो ना, तसे! काम करता करता तिचेच डोळे मिटायला लागत. सगळं यंत्र दुपारच्या घरासारखं वाटे. कॅमेरा पेंगतोय, पडदा कुशीवर वळलाय, आणि आपण चवड्यांवर चालत एकेक दिवा मालवतोय.

एके दुपारी तिला विजेचा एक पुरवठा दिसला. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं, तरी पुढे लिहिलेलं, 'कायम चालू ठेवा'.

"कोणासाठी जागा आहेस रे बाबा?" असं म्हणून तिने ती ओळच पुसली. आता कर्नलचा शिरस्ता असा, की यंत्र सुरू झाल्यावर तीस सेकंद वाट बघायची आणि ज्या पुरवठ्यावर कोणी हक्क सांगितला नाही तो बंद करायचा. मीटरचा आकडा तिसाव्या सेकंदाला असा काही खाली आला की अंगाई खुर्चीतच डोलली. बारा तास! शेजारच्यांना त्रास नको म्हणून चाचणीभर आवाज तिने शून्यावर ठेवला होता. बोलणारं यंत्र, आणि बाईसाहेब त्याच्या तोंडाकडे सोडून मीटरकडे बघत होत्या!

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या बाई यंत्र बघायला आल्या. वाचून घ्यायला माणूस हवा, म्हणून अंगाईने वडिलांना आणलं. बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. सव्वा वर्षापूर्वी एका जाडजूड कादंबरीचं शेवटचं पान उरलं आणि डोळ्यांनी संप पुकारला. "मी वाचते" म्हटलं की फटकारायचे, "माझं पुस्तक मीच संपवणार!" यंत्राचं बटण स्वतः दाबायचं, म्हणजे स्वतःच वाचल्यासारखं, या बोलीवर ते आले होते. सव्वा वर्ष त्यांना एकच घोर, दीपगृहाच्या रखवालदाराची बायको परत येते की नाही?

बाबांनी चाचपडत पान ठेवलं. बटण दाबलं.

"रखवालदार पायऱ्या उतरू लागला," यंत्र मऊ आवाजात वाचू लागलं. धुकं आलं, समुद्र आला. साहेबांनी हनुवटी हातावर टेकली. "शेवटच्या पायरीवर तो थबकला. दार उघडंच होतं. आणि दारात..."

शांतता.

अंगाईची नजर घड्याळाकडे गेली.

"वाऽ!" बाबा हळूच म्हणाले. "काय विराम घेतलाय!"

"फारच समजूतदार," बाई कुजबुजल्या.

सगळे त्या विरामात बसून राहिले. पंखा फिरत होता. पडद्यावरून ऊन सरकत होतं. एक मिनिट झालं, दोन झाली. साहेबांचा डोळा लागला, बाईंची मान कलली. जणू सगळ्या खोलीचेच व्होल्ट कोणीतरी उतरवले होते!

"बाबा, पुन्हा सुरू करू या का?" अंगाई पुटपुटली.

यंत्र पुन्हा सुरू झालं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलं. पायऱ्या, धुकं, दार, "आणि दारात..." ठप्प!

तिसऱ्यांदाही तेच, बरोबर तिसाव्या सेकंदाला. साहेब दचकून जागे झाले. "आलं का कोणी?"

"अजून दारातच आहे," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "हा माणूस पुनरुक्ती फार करतो हो. मी असतो तर दोन परिच्छेद कापले असते." मग त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "बेटा, माझ्या नशिबात शेवट नाहीच की काय?"

आता मात्र अंगाई उठली आणि धावत यंत्राचा सर्किट-बोर्ड आखणाऱ्या काकांकडे गेली.

"काका, तो बिननावाचा पुरवठा कोणाचा?"

"स्पीकरचा! ऐनवेळी तिथे जोडला. सांगितलं होतं तुला, जिन्यात!"

"जिन्यात तुम्ही गुडघेदुखी सांगत होतात!"

"त्याच्या आधी!"

"त्याच्या आधी कंबरदुखी होती!"

"मग त्या दोघींच्या मध्ये सांगितलं असणार!"

तिने परत येऊन पुसलेली ओळ पुन्हा लिहिली, यंत्रात भरली, बाबांनी बटण दाबलं आणि ती श्वास रोखून मोजू लागली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"आणि दारात कोणीच नव्हतं. पण उंबरठ्यावर ओल्या पावलांचे ठसे होते, आत येणारे."

एकतीस! यंत्र वाचतच राहिलं, पान संपेपर्यंत. बाबांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. मग नाक ओढून म्हणाले, "आली म्हणजे."

"आली, बाबा."

बाईंनी ग्रंथालयासाठी यंत्रं घ्यायचं कबूल केलं. बॅटरी किती चालते, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अंगाईने आयुष्यात पहिल्यांदा साहेबांकडे बघून उत्तर त्यांच्यावर सोपवलं. साहेब खाकरले. "न बोलता बारा तास. बोललं तर... पाच."

"पाच पुष्कळ!" बाबा म्हणाले. "पण बेटा, खरं सांगू? पहिल्या वेळी जास्त छान वाचलं त्याने. कसं थांबलं होतं! माणूस मनातल्या मनात दारापर्यंत जाऊन यायचा. तू दुरुस्त केलंस आणि सगळी मजा गेली बघ!"

बाईंनीही मान डोलावली. साहेबांनी तर विचारलंच, "तो विराम ठेवता नाही का येणार?"

अंगाई उठली. जागेवर गेली आणि त्या ओळीच्या डोक्यावर, पुढे येणाऱ्या प्रोग्रामरसाठी, एक टीप लिहिली:

'ही ओळ काढू नये. काढल्यास यंत्र मुकं होतं, आणि लोकांना ते जास्त आवडतं.'