राबातला केक

"या सुट्टीत माझी पोरं मोबाईलला बोटसुद्धा लावणार नाहीत!"

भारतीने हे आशागडच्या एका हळदीच्या मांडवात जाहीर केलं, आणि नेमका त्याच क्षणी डीजेवाला दोन गाण्यांच्या मध्ये थांबला होता. त्यामुळे ते वाक्य नवरीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं! चार बायकांत बोलली असती तर दोन दिवसांनी सोयीस्करपणे विसरूनही गेली असती. पण शंभर माणसांनी ऐकलेलं विसरायचं कसं?

"मग दिवसभर करणार काय?" नणंदेने विचारलं.

नणंद म्हणजे संगिताताई, भारतीच्या नवऱ्याची, दिपकची, मोठी बहीण. डहाणू रोडला ब्लॉक, ब्लॉकमध्ये ओव्हन, खाली गाडी, आणि ती गाडी स्वतः चालवायची! दोन मुलगे इंग्रजी शाळेत. दोघांचे चेहरे पाहुण्यांना सहसा दिसत नसत, कारण माना कायम मोबाईलमध्ये.

"केक करतील! बाग करतील!" भारती म्हणाली.

ही अक्कल तिला आदल्याच संध्याकाळी आली होती. कुठल्याशा गच्चीवर उभी राहून एक बाई सांगत होती, 'मुलांना बेकिंग आणि गार्डनिंगमध्ये गुंतवा, ती मोबाईल विसरतील.' हे भारतीने मोबाईलवरच पाहिलं होतं, आणि तिच्या उजव्या खांद्यावरून लेक निलम व डाव्या खांद्यावरून मुलगा उमेश तेच बघत होते, पण तो भाग तिने मांडवात सांगितला नाही.

"हौस पुरे झाली गं," संगिताताई म्हणाली. "मी दिपकशी बोललेय. निलमला जूनपासून माझ्याकडे पाठवा. तिकडे क्लास आहेत, स्विमिंग आहे. इथे राहून काय शिकणार ती?"

भारतीने नवऱ्याकडे पाहिलं. दिपक रिक्षा चालवायचा. घाटात समोरून ट्रक आला तरी तो डगमगत नसे, पण बहिणीपुढे त्याचा कधी ब्रेक लागायचा नाही की हॉर्न वाजायचा नाही! तो पत्रावळीतला भात मन लावून मोजत बसला.

निलम दहा वर्षांची झाली तरी अजून रात्री आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. ते टोक मोकळं राहणार, या विचारानेच भारतीला रडू आलं, आणि रडू आलं की तिला आधी राग यायचा.

"आजपासून तिसऱ्या रविवारी पाच वाजता या, ताई! पोरांनी पिकवलेली भाजी खायला घालते आणि पोरांनी केलेला केक. नाही जमलं, तर निलम तुमची!"

बोलून गेल्यावर तिला चूक कळली, पण तोंड वर ते वरच!

तर मंडळी, दुसऱ्याच दिवशी बाग सुरू झाली. घरामागे वाफा केला, मेथी पेरली. गच्चीवरच्या बाईचा पहिला नियम होता, 'मुलांना सूचना देऊ नका, त्यांना स्वतः शोधू द्या.' भारतीने तो तंतोतंत पाळला. मेथी चार बोटं वर आली. भारती रोज सकाळी तिच्याकडे बघून मनातल्या मनात संगिताताईला वाढायची.

दहाव्या दिवशी ती दळण घेऊन आली, तर वाफा रिकामा! एक काडी नाही!

मोरीचं पाणी जिथे साचायचं तिथे चिखल करून उमेश वाकून उभा होता. रणरणत्या मे महिन्यात डोक्यावर पावसाळ्यातलं इरलं! बांधावरून निलम त्याच्याकडे मेथीच्या बांधलेल्या मुठी फेकत होती, आणि पलीकडे सावलीत त्यांची आजी, म्हणजे भारतीची सासू बायजी, तंबाखू मळत देखरेख करत होती.

"अरे काय चाललंय काय!"

"लावणी!" उमेश ओरडला. "आये, तू बाजूला हो, ओळ मोडतेय!"

"मेथीची लावणी?"

"रोपं वर आली की उपटायची नि चिखलात लावायची ना?" निलमने विचारलं. "तूच करतेस की दरवर्षी."

आता यावर काय बोलणार? पोरांनी जन्मापासून भाताशिवाय दुसरं काही लावताना पाहिलं असेल तर ना! भारतीने सासूकडे बघितलं.

"आई, तुम्ही तरी सांगायचं!"

"सांगितला ना," बायजी शांतपणे म्हणाली. "पाणी जरा कमी पडतंय म्हून सांगितला."

संध्याकाळपर्यंत मेथीने मान टाकली. गच्चीवरच्या बाईचा दुसरा नियम होता, 'मुलांवर ओरडू नका, मनात दहा आकडे मोजा.' भारतीने दहा मोजले आणि मग ओरडली. ते ओरडणं ऐकून शेजारचा शुक्रा कुंपणावरून म्हणाला, "भारतीबाय, मेथीला पूर आला म्हणतात!"

"येऊ दे!" भारती कडाडली. "केक बाकी हाय अजून!"

रविवार उजाडला. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ, गूळ, दही, सोडा आणि घोलवडचे पिकलेले चिकू. पोरांनी हातांनी चिकू कुस्करले, पीठ घोटलं. थोडं टोपात गेलं, थोडं उमेशच्या भुवयांत. निलमने मात्र नेमकी मापं घेतली आणि चव घेऊन गूळ आणखी मूठभर टाकला. कुकरमध्ये वाळू घालून, त्यात टोप ठेवून केक भाजायचा, असा बेत होता. दोन वाजता भारतीने ऐटीत गॅस पेटवला.

गॅस फुस्स करून विझला. सिलेंडर संपला!

"दिपक! रिक्षा काढा! रानशेतला तुमच्या दोस्ताकडे, हिरूकडे, भरलेला सिलेंडर हाय!"

निघता निघता तिची नजर त्या उजाड वाफ्यावर गेली. उघडी माती उन्हाने तडकते म्हणून, पुन्हा गच्चीवरच्याच बाईचं ऐकून, तिने त्यावर शेणखत, सुका पाला आणि गवत पसरून वर माती भुरभुरली होती. पण कोंबड्यांनी सगळं विस्कटलं होतं. भाजी नाही तर नाही, निदान वाफा तरी पाहुण्यांपुढे बरा दिसावा!

"तो वाफा नीट तयार करून ठेवा रे!" रिक्षातून ती ओरडली. इथे तिने पहिल्यांदाच मुलांना सूचना दिली, आणि तीच भोवली.

मुंबईकरांसाठी सांगतो. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि सगळं हळूहळू भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. आता शेण, पाला, गवत आणि वर माती एवढं सगळं स्वतः आईने रचून ठेवलंय आणि वर म्हणतेय 'तयार करा', तर शहाण्या पोरांनी काय करावं?

"आजी, भाजायचा ना?" निलमने विचारलं.

"भाजल्याबिगर वाफा तयार कसा व्हेल?" बायजी उठली. सत्तर वर्षांत तिने दुसऱ्या कुठल्या प्रकारे तयार झालेला वाफा पाहिला नव्हता. तिने करवंटीत निखारा आणला, वारा बघितला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने राब पेटवला. म्हणजे भडकत नाही, धुमसतो. काम अगदी चोख!

आणि इथे निलमचं डोकं चाललं. घरात केकचं पीठ फुगून वाट बघतंय, गॅस नाही, आणि इकडे एवढी छान मंद आच फुकट जातेय! तिने टोपावर झाकण ठेवलं, केळीचं पान गुंडाळलं, कड ओल्या मातीने लिंपली आणि बायजीच्या मदतीने टोप राबाच्या मधोमध पुरून टाकला.

चार वाजले. रिक्षा वळणावर आली आणि भारतीला घरामागून धूर दिसला.

"घर पेटलं! माझं घर पेटलं!"

तिचा आवाज मांडवात पोचला होता तो डीजे बंद असताना. या वेळी डीजे चालू असता तरी पोचला असता! शुक्रा हंडा घेऊन धावला. त्याच्यामागे बादल्या, कळश्या, आणि एकाने तर घाईत रिकामी बादली आणली. नेमकी त्याच वेळी, ठरल्यापेक्षा एक तास आधी, संगिताताईची गाडी दारात थांबली.

शुक्राने हंडा उचलला. राबासमोर दोन्ही हात पसरून उमेश उभा राहिला.

"पाणी नका टाकू! आत हाय!"

"आत?" शुक्राने हंडा आणखी उंच धरला. "कोण हाय आत?"

"केक!"

शुक्रा एवढा दचकला की हंडा बाजूला वळला, आणि सगळं पाणी धावत आलेल्या संगिताताईच्या गुलाबी साडीवर!

भारतीने हिशेब लावला: मेथी बुडाली, वाफा जळतोय, केक मातीत आणि नणंद भिजलेली. पोरांना झोडपायला तिने हात उचललाच होता, इतक्यात संगिताताई बोलली.

"बघ दिपक! बघ! घराला आगी लावतात पोरं. हेच शिकणार इथे! निलमचे कपडे भर."

निलमने आईचा पदर धरला. झालं! भारतीचा उचललेला हात पोरांकडे जायचा तो कमरेवर गेला.

"आग? कुठली आग? हा राब हाय, ताई! तुम्ही पण याच्याच भाताची पेज खाऊन मोठ्या झालात! आणि केक आतच भाजायचा होता. ठरवूनच ठेवला होता!"

"मग सिलेंडर कशाला आणला?" दिपकने सिलेंडर खांद्यावरून उतरवत विचारलं. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तेही अशा वेळी!

"चहाला!" भारती गरजली. "बसा, ताई. केक निघेपर्यंत कुणी हलायचं नाय!"

"आणि खाण्यासारखा नसेल तर?"

"तर मीच कपडे भरते!"

संगिताताई ओल्या साडीने खाटेवर बसली. शुक्रा आणि बाकीची मंडळी बादल्या उपड्या घालून त्यावर बसली. केक बघितल्याशिवाय आता कोण जातंय! भारती छाती काढून उभी होती, पण पदराखाली तिने निलमचा हात घट्ट धरला होता.

धूर गाडीपर्यंत गेला तेव्हा संगिताताईच्या मुलांनी मान वर केली. थोरला उतरला. उमेशने लगेच त्याच्या हातात काठी दिली. "या बाजूने पाला सार. भडकला तर माती टाक." धाकटाही आला. पंधरा मिनिटांत दोघांचे चेहरे काजळले, आणि मोबाईल गाडीतच राहिले. हे संगिताताई बघत होती.

पाच वाजता बायजीने राख उकरली. टोप काळाठिक्कर! झाकण निघेना, तेव्हा दिपकने पान्याने ठोकून काढलं. आतून चिकूचा आणि गुळाचा वास आला आणि शुक्राने उगाचच "अगं बाय!" म्हटलं. केकचा तळ बोटभर करपला होता, एका बाजूला तो चिरला होता, पण वर मस्त फुगला होता. निलमने विळ्याने तुकडा कापला आणि आत्यापुढे धरला.

संगिताताईने घास घेतला. चावला. सगळं आवार तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"धुराचा वास येतोय," ती म्हणाली.

भारतीने डोळे मिटले.

"चांगला येतोय," संगिताताई म्हणाली आणि तिने दुसरा तुकडा उचलला. "माझ्या ओव्हनमध्ये मेला असा फुगत नाही कधी! आई, लहानपणी राबात रताळी भाजायचीस, तसाच वास गं..." तिसऱ्या तुकड्याला तिचे डोळे ओले झाले, आणि तो धूर नव्हता. "निलमचं मी मागे घेते, भारती. राहू दे तिला इथेच."

निलमने आईच्या पोटात डोकं खुपसलं. भारतीला आनंदाने श्वास पुरेना. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण गप्प बसली तर ती भारती कसली!

"मग! डहाणू रोडला हे शिकवणार कोण? इथे सांगावं लागत नाय, पोरं आपोआप शिकतात. दोन काय, कितीही पोरं आणा!"

"कितीही?" संगिताताईने विचारलं, आणि राखेत लोळणाऱ्या आपल्या दोन मुलांकडे पाहिलं.

सात वाजता गाडी परत गेली, तेव्हा तिच्यात एकटी संगिताताई होती. कपड्यांची बॅग दुसऱ्या दिवशी आली. जूनपर्यंतच्या कपड्यांची!

आठवड्याभरात चौघांनी मिळून आणखी दोन राब भाजले, मोरीवर बंधारा घातला, नागलीचा डबा रिकामा केला आणि कुकरच्या शिटीत वाळू भरली. बायजी प्रत्येक ठिकाणी हजर! दुपारी घटकाभर पाठ टेकायला भारती तरसली. शेवटी एके दिवशी तिने इकडेतिकडे बघितलं, फळीवरचा मोबाईल काढला आणि चौघांपुढे धरला.

"घ्या रे बाळांनो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "तासभर बघा. चार्जिंग फुल हाय."

उमेशने धसका घेऊन दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाय आये! बोटसुद्धा लावायचं नाय! तू शंभर माणसांत बोललीस ना?"