जॉबरमामांचा बुधवार

रविवारची उपासना संपवून आमच्या चर्चमधून बाहेर पडलात की दारातच तुमचं मनगट धरलं जायचं आणि कानाशी प्रश्न यायचा, "आज काय नेलं?"

हे आमचे जॉबरमामा. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत त्यांनी जन्मभर जॉबरकी केली, म्हणजे मागावरच्या कामगारांवर नजर ठेवली. निवृत्त झाल्यावर तीच नजर मंडळीकडे वळली. प्रवचनातलं काय घेऊन घरी चाललात, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. माझे वडील वचन तळहातावर लिहून घ्यायचे. एक बहाद्दर एकदा "चप्पल" म्हणाला, तर मामांनी त्याला परत आत नेऊन बसवलं. एकदा त्यांनी खुद्द पाळकसाहेबांनाच अडवलं. "साहेब, तुमी आमाला लई दिलं. सोताला काय ठिवलं?" साहेब हसले खरे, पण त्या दिवशी जेवताना गप्प होते असं त्यांच्या बाईंनीच सांगितलं.

मला या माणसाचं भारी कुतूहल. पण लांबूनच. मी आपला मागच्या दाराने सटकायचो.

मोठा दुष्काळ सरला आणि चर्चला शंभर वर्षं होण्याचा दिवस जवळ आला. पंचमंडळाची बैठक भरली. मी नवाकोरा सेक्रेटरी. भिंतींचा रंग, मांडव, मटण, शेंगाचटणी कुणाच्या घरची, यावर दोन तास खडाजंगी झाली. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "सेक्रेटरी, रंग लिवला, मटण लिवलं. देव कुटल्या पानावर लिवलाय?"

मी भाबडेपणाने वही चाळली. कुठेच नव्हता.

पंच भडकले. रागाच्या भरात ठरलं, की बुधवारची प्रार्थनासभा बंद. तिथे मामांखेरीज कुणी फिरकत नाही, ती वेळ शंभरीच्या नाटकाच्या तालमीला द्यायची. भांडकुदळ मामा यावर चक्क भांडले नाहीत. "ह्या बुदवारी तरी उगडू का?" एवढंच म्हणाले. ती सभा झाल्यावर मामांकडून चर्चची किल्ली आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एकटा माणूस तासभर सभा घेतो म्हणजे करतो तरी काय? मला राहवेना. ऊन कलायच्या सुमारास मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

आमच्या जुन्या चर्चमध्ये प्रत्येक घराचा बाक ठरलेला. मामा एका बाकावर बसत, डोळे मिटत, मोठ्याने बोलत आणि उठून पुढच्या बाकावर जात. "हितं वैरागकर बसत्यात. लेकीचं स्थळ आलंय, मानसं बरी हायत का बग." मग आमचा बाक आला. "हितं प्रकाशचं घर. त्याच्या आईचा दमा तुला ठावं हाय. पोरगं सेक्रेटरी झालंय, लई कामात हाय. मागल्या दारानं पळतंय. पळू दे. तू तितंच हुबा ऱ्हा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय न वाजवता आत गेलो. मामांनी डोळे उघडले आणि किल्ली पुढे केली. "न्यायला आलास न्हवं?"

किल्ली घ्यायचं सोडून मी विचारलं, "तुमच्या बाकावर नाही बसलात?"

"आपलंच नाव आपन काय घ्यायचं? माजं नाव ती घ्यायची." मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. "घरात कदी घेतलं न्हाई. लाजायची. पर प्रार्थनेत घ्यायलाच लागतंय की, न्हाईतर देवाला कसं कळंल, कुनासाटी मागतीया? तेवढं ऐकायला मी बुदवारी यायचो. आता सवय लागली."

आम्ही शंभरीच्या जेवणाचा बेत आखत होतो आणि हा माणूस घराघरासाठी एकटा बसत होता. किल्ली मी त्यांच्याच मुठीत मिटवली. "तालीम गुरुवारी होईल. पंचांचं मी बघतो," म्हटलं. मग त्यांना त्यांच्या बाकावर बसवलं, शेजारी बसलो, डोळे मिटले आणि अडकलो. उभा जन्म मी या माणसाला जॉबरमामाच म्हणत आलो होतो. मंडळीच्या यादीतही तेच लिहिलेलं.

"मामा, तुमचं नाव काय?"

त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि डोळे मिटले.

"शांतवन."

मी ते घेऊन सुरुवात केली. प्रार्थना काही मला धड जमली नाही, दोन वाक्यांतच शब्द संपले. आमेन म्हणून डोळे उघडले. मामांचे मिटलेलेच होते.

"आनिक एकदा घे की," ते म्हणाले.